अपात्र पीसीवर विंडोज ११: नेटवर्क कार्ड पुन्हा पुन्हा दगा देतं तेव्हा काय तपासायचं

१४ ऑक्टोबर २०२५ला विंडोज १०चा सपोर्ट संपला. चौथ्या ते सातव्या पिढीचे आय-थ्री, आय-फाइव्ह डेस्कटॉप आणि तेवढ्याच वयाचे लॅपटॉप नागपुरात घराघरांत, ट्यूशन क्लासमध्ये, झेरॉक्सच्या दुकानात अजून धडधाकट चालताहेत. टीपीएम २.० ही सुरक्षा चिप नाही, प्रोसेसर मायक्रोसॉफ्टच्या यादीत नाही, तरी रूफस या मोफत प्रोग्रामने पेनड्राइव्ह बनवून विंडोज ११ टाकता येतं आणि ते चालतंही. अडतं ते बहुतेक नेटवर्क कार्डापाशी. कार्डाच्या कंपनीने त्या मॉडेलचा ड्रायव्हर (कार्ड चालवणारं सॉफ्टवेअर) कधीच विंडोज ७, ८.१ किंवा १०वर थांबवलेला असतो, आणि अशा मशीनची जबाबदारी मायक्रोसॉफ्टही घेत नाही. म्हणून आज लागलेलं नेट पुढच्या अपडेटनंतर जाऊ शकतं. दर वेळी विंडोज नव्याने टाकणं हा त्यावरचा इलाज नाही. अर्धा दिवस जातो आणि तोच ड्रायव्हर पुन्हा येऊन बसतो.

आधी लक्षण नीट बघा

स्टार्टवर उजवी क्लिक करून डिव्हाइस मॅनेजर उघडा. 'नेटवर्क अडॅप्टर्स'खाली तुमचं कार्ड असेल तर त्याच्या प्रॉपर्टीजमध्ये पहिल्याच पानावर 'डिव्हाइस स्टेटस' आणि असल्यास कोड दिसतो. तो कागदावर लिहून घ्या.

- 'अदर डिव्हायसेस'खाली पिवळ्या त्रिकोणासह 'इथरनेट कंट्रोलर' किंवा 'नेटवर्क कंट्रोलर', कोड २८: ड्रायव्हरच नाही. कार्ड मात्र जिवंत आहे.
- कोड १०: ड्रायव्हर आहे, पण कार्ड सुरू होत नाही. ड्रायव्हर चुकीचा असेल किंवा कार्ड अडकून बसलेलं असेल.
- कोड ३९ किंवा ५२: ड्रायव्हर लोड झाला नाही किंवा त्याची डिजिटल सही पटली नाही.
- कोड ५६: जुन्या व्हीपीएनचे किंवा अँटिव्हायरसचे अवशेष मधे अडकलेत.
- कोड २२: कुणीतरी कार्ड बंद केलंय. उजवी क्लिक, 'एनेबल', विषय संपला.
- रिस्टार्ट केल्यावर चालतं, शटडाउन करून सकाळी लावल्यावर चालत नाही: फास्ट स्टार्टअप.
- शेजाऱ्यापाजाऱ्यांचे वायफाय दिसतात, आपलंच दिसत नाही: राउटरच्या सेटिंगचा मामला.
- जोडलेलं दिसतं, पण आयपी पत्ता १६९.२५४ने सुरू होतो: राउटरकडून पत्ता मिळालेला नाही.
- यादीत कार्ड कुठेच नाही, त्रिकोणही नाही: बायोसमध्ये (मदरबोर्डच्या मूळ सेटिंगमध्ये) बंद आहे, निसटलंय किंवा जळालंय.

यापुढच्या तपासण्या फुकटच्या आधी आणि खर्चाच्या शेवटी अशा लावल्या आहेत. क्रम मोडू नका.

वीज पूर्ण तोडा

हसू येईल, पण कोड १० असलेली बरीच कार्डं एवढ्यानेच परत येतात. डेस्कटॉप शटडाउन केला तरी एसएमपीएस (पॉवर सप्लाय) ५ व्होल्टची स्टँडबाय लाइन चालूच ठेवतो आणि मदरबोर्डवरची लॅन चिप त्यावर जागी राहते. तुम्ही रिस्टार्ट करता तेव्हा विंडोज नव्याने सुरू होतं, चिप नाही. म्हणून भिंतीवरचं बटण बंद करा, पॉवर केबल काढा, पॉवर बटण ३० सेकंद दाबून धरा, मग जोडा. लॅपटॉपची बॅटरी निघत असेल तर चार्जर आणि बॅटरी दोन्ही काढून तेच करा. राउटरही याच वेळी बंद-चालू करा.

तारीख बघा

दहा वर्षांच्या बोर्डवर सीआर२०३२ हा घड्याळाचा सेल बहुधा संपलेला असतो. वीज गेली की घड्याळ मागे जातं, आणि मग ब्राउझर प्रत्येक साइटवर सर्टिफिकेटची चूक दाखवतो. लोक समजतात नेट गेलं, पण जातं ते घड्याळ. नवा सेल ३ व्होल्टचा असतो, मल्टिमीटरवर २.७च्या खाली दिसला तर बदलून टाका. सेल गेला की बायोसही मूळ सेटिंगवर जातं, त्यामुळे सेल बदलल्यावर बायोसमध्ये शिरून 'ऑनबोर्ड लॅन' 'एनेबल्ड' आहे का तेही पाहून घ्या. लॅपटॉपवर वायफायचं सरकतं बटण किंवा एफएन की चुकून दाबली गेली नाही ना, हे बघायला दहा सेकंद लागतात.

वायर

सेटिंग्जमध्ये इथरनेटच्या प्रॉपर्टीजमध्ये 'लिंक स्पीड' पाहा. राउटर आणि कार्ड दोन्ही गिगाबिट असून १००/१०० दिसत असेल तर ड्रायव्हरला हात लावू नका, वायर तपासा. १०० एमबीपीएसला आठपैकी फक्त १, २, ३ आणि ६ या चार तारा लागतात, गिगाबिटला आठही. निळ्या किंवा तपकिरी जोडीतली एक तार तुटली की नेट चालतं, पण हळू. आणि तार तुटलेली नसून नुसती सैल असेल तर जास्त छळते: लिंक १०००वर जाते, पडते, १००वर येते, पुन्हा वर चढते. स्क्रीनवर हे 'नेट दर दोन मिनिटांनी जातं' असं दिसतं आणि दोष विंडोजवर येतो.

जॅक पुन्हा मारायचा असेल तर जीभ खाली, सोनेरी पिना तुमच्याकडे, डावीकडून: पांढरा-नारिंगी, नारिंगी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी. दोन्ही टोकांना हाच क्रम. जोड्यांचा पीळ १३ मिलिमीटरपेक्षा जास्त उलगडू नका, आणि वायरचं बाहेरचं आवरण जॅकच्या आत गेलं पाहिजे, नाहीतर ओढ थेट तारांवर येते. क्रिम्पिंग टूल नसेल तर आधी राउटरसोबत आलेली एक मीटरची वायर लावून बघा. तेवढ्याने प्रश्न सुटला तर पुढचं वाचायची गरज नाही.

मोबाइलचा दोष शोधायला उपयोग

अँड्रॉइड फोन डेटा केबलने जोडा आणि फोनच्या हॉटस्पॉट सेटिंगमध्ये 'यूएसबी टेदरिंग' सुरू करा. यासाठी लागणारा ड्रायव्हर विंडोज ११मध्ये आधीपासून असतो. एका झटक्यात दोन गोष्टी होतात. नेट चाललं तर विंडोजचा नेटवर्कचा गाभा ठीक आहे आणि बिघाड कार्ड, त्याचा ड्रायव्हर, वायर किंवा राउटर यांतच आहे, हे कळतं. शिवाय ड्रायव्हर उतरवून घ्यायला नेटही मिळतं. टेदरिंगवरही साइट उघडत नसेल तर कार्डाच्या मागे लागू नका. सेटिंग्ज, नेटवर्क अँड इंटरनेट, ॲडव्हान्स्ड नेटवर्क सेटिंग्ज, 'नेटवर्क रिसेट' करा. त्याआधी वायफायचा पासवर्ड आणि हाताने टाकलेला आयपी पत्ता लिहून ठेवा, कारण रिसेटमध्ये ते पुसले जातात.

नवीन विंडोज टाकताना 'नेटवर्कला जोडा' या पडद्यावर अडकलात तरी हीच केबल कामाला येते. २४एच२ आवृत्तीत त्या पडद्यावर ड्रायव्हर टाकायचं बटणही आहे. ड्रायव्हर आधीच पेनड्राइव्हवर उलगडून ठेवला तर तिथेच काम होतं.

आपलंच वायफाय दिसत नाही

तीन कारणं, तिन्ही राउटरच्या पानावर सुटतात. एक: कार्ड फक्त २.४ गिगाहर्ट्झचं आहे आणि राउटर ५वर चाललाय. फायबरच्या राउटरवर बहुधा दोन्ही बँड असतात, २.४ सुरू करा. दोन: राउटर 'ऑटो'वर असून १२ किंवा १३ क्रमांकाच्या चॅनलवर जाऊन बसलाय. भारतात ही चॅनल चालतात, पण अमेरिकेच्या नियमांवर बेतलेली कार्डं ११च्या पुढे बघतच नाहीत. म्हणून कधी दिसतं, कधी गायब, असा खेळ चालतो. चॅनल १, ६ किंवा ११ पक्कं करा. तीन: सुरक्षा फक्त डब्ल्यूपीए३ या नव्या पद्धतीची ठेवलीय. जुन्या कार्डाला ती समजत नाही. डब्ल्यूपीए२, एईएस ठेवा. टीकेआयपी ही जुनी पद्धत मात्र निवडू नका. ती कमकुवत आहे आणि विंडोज ११ तिला असुरक्षित म्हणून दाखवतं.

झोपेतून न उठणारं कार्ड

डिव्हाइस मॅनेजरमध्ये कार्डाच्या प्रॉपर्टीजमधल्या 'पॉवर मॅनेजमेंट' पानावर वीज वाचवण्यासाठी कार्ड बंद करू देणारी पहिली खूण काढा. 'ॲडव्हान्स्ड' पानावर 'एनर्जी एफिशियंट इथरनेट' आणि 'ग्रीन इथरनेट' असेल तर 'डिसेबल्ड' करा. 'स्पीड अँड डुप्लेक्स' मात्र ऑटोवरच राहू द्या. एका टोकाला हाताने १०० फुल लावलं आणि राउटर ऑटोवर राहिला तर राउटर हाफ डुप्लेक्स (एका वेळी एकाच दिशेने) धरून चालतो, आणि नेट असूनही रांगत जातं.

मग कंट्रोल पॅनेल, पॉवर ऑप्शन्स, 'चूज व्हॉट द पॉवर बटन्स डू' इथे जाऊन 'फास्ट स्टार्टअप'ची खूण काढा. हा पर्याय चालू असला की शटडाउन खरं होत नाही. विंडोजचा गाभा आणि ड्रायव्हरची अवस्था डिस्कवर साठवली जाते आणि सकाळी तीच परत उचलली जाते. जुन्या ड्रायव्हरला हे झेपत नाही. एसएसडी असेल तर हा पर्याय बंद केल्याने बूटला चार-पाच सेकंदांपलीकडे फरक पडत नाही.

ड्रायव्हर: खरी लढाई इथे

आधी कार्ड कोणतं ते नक्की करा. लॅपटॉपच्या पाठीवरच्या मॉडेलवरून ठरवू नका, एकाच मॉडेलमध्ये कंपन्या तीन-तीन प्रकारची वायफाय कार्डं बसवतात. प्रॉपर्टीज, 'डिटेल्स', आणि खालच्या यादीत 'हार्डवेअर आयडीज' निवडा. 'व्हेन'नंतरचे चार अक्षर-अंक कंपनी सांगतात: १०ईसी म्हणजे रिअलटेक, ८०८६ इंटेल, १४ई४ ब्रॉडकॉम, १६८सी एथेरॉस. 'डेव्ह'नंतरचे चार मॉडेल सांगतात. रिअलटेकच्या पुढे ८१६८ दिसलं तर ती जुन्या बोर्डांवरची सगळ्यात नेहमीची गिगाबिट चिप. तिचा ड्रायव्हर सहज मिळतो, काळजी नको.

आता या क्रमाने:

१. विंडोज अपडेट, ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स, 'ऑप्शनल अपडेट्स'. ड्रायव्हर बरेचदा इथेच लपलेला असतो.

२. नेट नुकतंच बिघडलं असेल तर प्रॉपर्टीजमधलं 'रोल बॅक ड्रायव्हर'. बटण फिकं असेल तर जुना ड्रायव्हर शिल्लक नाही.

३. 'अपडेट ड्रायव्हर', मग 'ब्राउझ माय कंप्युटर', मग 'लेट मी पिक'. इथे एकाच कार्डाचे दोन-तीन ड्रायव्हर दिसतात. नवीन तारखेचा सोडून जुना लावून बघा. फुकटचा आणि सगळ्यात कमी वापरला जाणारा उपाय हाच.

४. लॅपटॉप किंवा मदरबोर्डच्या कंपनीच्या साइटवरचा विंडोज १०चा ६४-बिट ड्रायव्हर. विंडोज ११ फक्त ६४-बिटमध्ये येतं, त्यामुळे ३२-बिटचा कधीही लागणार नाही. विंडोज १०चा ड्रायव्हर ११वर सहसा चालतो. सेटअप फाइल 'ही विंडोज चालत नाही' म्हणाली तर झिपसारखी उलगडा आणि आतल्या आयएनएफ फाइलचं (ड्रायव्हर कोणत्या कार्डाचा ते सांगणारी फाइल) फोल्डर 'अपडेट ड्रायव्हर'ला दाखवा. नकार सेटअपचा असतो, ड्रायव्हरचा नव्हे.

५. मायक्रोसॉफ्ट अपडेट कॅटलॉगवर हार्डवेअर आयडी टाकून शोधा. कॅब फाइल मिळते; उलगडून वरच्यासारखीच लावा.

'सगळे ड्रायव्हर एका क्लिकमध्ये' देणारी सॉफ्टवेअर टाकू नका. ती जवळपासचा ड्रायव्हर चिकटवतात, सोबत भलतंसलतं घेऊन येतात, आणि मग मूळ दोष कोणता होता तेच कळेनासं होतं.

आयएनएफ फाइलमध्ये आयडी हाताने घालायची युक्ती व्हिडिओंमध्ये सापडते. फाइल बदलली की सही मोडते आणि कोड ५२ येतो. मग टेस्ट मोड (सहीची तपासणी सैल करणारा मोड) लावा म्हणतात. ज्या मशीनवरून यूपीआयचे आणि बँकेचे व्यवहार होतात, तिच्यावर हे करू नका.

कोड ३९ असेल तर विंडोज सिक्युरिटी, डिव्हाइस सिक्युरिटी, 'कोअर आयसोलेशन' उघडा. 'मेमरी इंटिग्रिटी' चालू असेल तर ती जुना ड्रायव्हर अडवते. ती बंद करून रिस्टार्ट करा. नेट आलं तर निदान झालं. ती कायमची बंद ठेवावी का? आमचं मत, नाही. दुसरा ड्रायव्हर शोधा, नाहीतर कार्ड बदला. ही भिंत पाडण्यापेक्षा कार्ड स्वस्त पडतं.

कोड ५६ असेल किंवा विंडोज १०वरूनच अपग्रेड केलं असेल तर जुना व्हीपीएन आणि बाहेरचा अँटिव्हायरस पूर्ण काढा, मग नेटवर्क रिसेट. अपग्रेड करून १० दिवस झाले नसतील तर सेटिंग्जमधल्या 'रिकव्हरी'तून 'गो बॅक' करून विंडोज १०वर परतता येतं. कोणीतरी कापून-छाटून 'हलकी' केलेली विंडोज टाकली असेल तर वायफायची सेवाच उडालेली असू शकते. तिथे वेळ घालवू नका. मायक्रोसॉफ्टची मूळ आयएसओ घ्या.

ड्रायव्हर एकदा बसला की त्याची प्रत काढून ठेवा. डी ड्राइव्हवर 'ड्रायव्हर' नावाचं रिकामं फोल्डर बनवा, ॲडमिन टर्मिनल उघडा आणि पीएनपीयूटिल ही आज्ञा एक्सपोर्ट-ड्रायव्हर या पर्यायासह, तारकाचिन्ह आणि त्या फोल्डरचा पत्ता देऊन चालवा (अर्थात इंग्रजी अक्षरांत). बाहेरून टाकलेले सगळे ड्रायव्हर तिथे येतात. तेच फोल्डर पेनड्राइव्हवर घ्या. अपात्र मशीनला दर महिन्याची अपडेट येत राहतात, पण वर्षाची मोठी आवृत्ती आपोआप मिळत नाही, ती हाताने टाकावी लागते. नेट जातं ते बहुतेक तेव्हाच, आणि तेव्हा हे फोल्डर पाच मिनिटांत काम करतं.

कार्ड की ड्रायव्हर? लाइव्ह लिनक्सला विचारा

आठ जीबीच्या पेनड्राइव्हवर उबुंटू किंवा मिंट हे मोफत लिनक्स घ्या, त्यावरून बूट करा आणि इन्स्टॉल न करता 'ट्राय' निवडा. तिथे नेट चाललं तर कार्ड ठणठणीत आहे, दोष विंडोजच्या ड्रायव्हरचा. तिथेही कार्ड दिसलं नाही तर हार्डवेअर. अपवाद ब्रॉडकॉमच्या वायफायचा: त्याच्या काही कार्डांना लिनक्समध्येही वेगळा ड्रायव्हर लागतो, त्यामुळे तिथे नापास झालं म्हणून कार्ड मेलं असं धरू नका.

आता झाकण उघडा

नागपुरात एक कारण हमखास निघतं: कूलर. उन्हाळ्यात खोली गार ठेवायला कूलर कॉम्प्युटर टेबलाकडे वळवला की दोन महिने ओली, धुळीची हवा कॅबिनेटच्या मागच्या जाळीतून आत जाते. स्लॉटमधल्या कार्डाच्या सोनेरी पट्ट्यांवर काळपट थर चढतो आणि कार्ड कधी दिसतं, कधी नाही. वीज काढा, आधी कॅबिनेटच्या उघड्या पत्र्याला हात लावा, कार्ड सरळ वर ओढून काढा. पट्ट्यांवर पांढरं खोडरबर हलक्या हाताने एकाच दिशेने फिरवा, चुरा ब्रशने झाडा, आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा, वाळू द्या, बसवा आणि स्क्रू आवळा. स्क्रू न लावलेलं कार्ड वायरच्या ओढीने तिरकं होतं.

लॅपटॉपच्या वायफाय कार्डावर काळी आणि पांढरी अशा दोन अँटेना वायरी असतात. एक निसटली तरी राउटरजवळ नेट चालतं आणि पलीकडच्या खोलीत मरतं. टोपण नखाने सरळ वर उचलायचं, बसवताना सरळ खाली 'टक्' होईपर्यंत दाबायचं. ही टोपणं फार तर काही डझन वेळा काढ-घाल सहन करतात, उगाच खेळू नका.

कार्ड बदलायचंच ठरलं तर सीताबर्डीच्या बाजारात जायच्या आधी हे पक्कं करा. इंटेलचं एएक्स२०१ किंवा ९५६० स्वस्त दिसतं म्हणून घेऊ नका. ती सीएनव्हीआय प्रकारची आहेत, त्यांचं निम्मं काम चिपसेट करतो, आणि सातव्या पिढीपर्यंतच्या मशीनमध्ये ती खाचेत बसतात पण चालत नाहीत. एएक्स२०० किंवा एएक्स२१० घ्या. त्याहून जुन्या लॅपटॉपमध्ये एम.२ऐवजी मिनी पीसीआयई स्लॉट असतो, तो बघून घ्या. काही जुन्या थिंकपॅड आणि एचपी लॅपटॉपच्या बायोसमध्ये ठरावीक कार्डांचीच यादी असते. परकं कार्ड लावलं तर १८०२ किंवा १०४ क्रमांकाची चूक दाखवून मशीन बूटच होत नाही. अशा ठिकाणी यूएसबी डोंगल बरा. डोंगल यूएसबी ३च्या पोर्टला अगदी खेटून लावू नका; त्या पोर्टचा गोंगाट २.४ गिगाहर्ट्झवरच पडतो. हातभर एक्स्टेन्शन वायर घातली की फरक दिसतो.

इथे थांबा

लॅपटॉपचं मागचं झाकण किंवा टचपॅड फुगलेलं दिसलं तर बॅटरी फुगली आहे. स्क्रू फिरवू नका, चार्जर काढा आणि तसाच दुरुस्तीवाल्याकडे न्या.

मे-जूनच्या वादळात गच्चीवरून आलेल्या वायरीतून झटका आला, लॅन पोर्टचा दिवा दुसऱ्या वायरीवर, दुसऱ्या राउटरवर आणि लाइव्ह लिनक्समध्येही लागत नाही, किंवा पोर्टजवळची चिप हात ठेवता येणार नाही इतकी तापते: चिप गेली. मदरबोर्डवर सोल्डरिंग घरी नाही. दुकानदार चिप बदलायचं म्हणाला तरी आधी विचारा की बोर्डावरची लॅन बायोसमध्ये बंद करून पीसीआयई कार्ड लावलं तर चालेल का. डेस्कटॉपला तेच स्वस्त आणि टिकाऊ पडतं. मात्र चिप तापत असेल तर नुसती बंद करून भागत नाही, बोर्ड तपासून घ्यावाच लागतो.

ऑफिसचं, कॉलेजचं किंवा डोमेनला जोडलेलं मशीन असेल तर यातलं काहीही न करता तिथल्या आयटीवाल्यांना कळवा. नेटवर्क रिसेटने त्यांची सेटिंग उडतात आणि ती तुम्हाला परत लावता येणार नाहीत.

दुरुस्तीला नेताना मशीनसोबत एक चिठ्ठी द्या: कोड नंबर, हार्डवेअर आयडी, विंडोजची आवृत्ती, टेदरिंगवर काय झालं, लाइव्ह लिनक्सवर काय झालं. आणि 'डेटा न विचारता फॉरमॅट करू नये' हे त्याच चिठ्ठीवर मोठ्या अक्षरात लिहा.